वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ, कर्करोग व कुष्ठरोग या विषयांचे संशोधक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील प्रयोगशाळांचे ते संचालक होते. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक होत. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. शरीरातून काढलेला ऊतकाचा तुकडा कापून, रंगवून आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखण्याची पद्धत त्यांच्या आधीही भारतात होती. मात्र अशा हजारो तुकड्यांची नोंद ठेवून त्यांतून समाजातील रोगाचे चित्र उभे करण्याचे काम त्यांच्या प्रयोगशाळेने केले.

शिक्षण आणि अध्यापन

खानोलकरांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये तेथूनच विकृतिशास्त्र या विषयात एम.डी. ही पदवी मिळवली. त्या काळी बहुतेक भारतीय डॉक्टरांचा ओढा शल्यचिकित्सा किंवा औषधोपचार यांकडे असे. रुग्णाशी थेट संबंध नसलेली, खाजगी व्यवसायाची फारशी संधी नसलेली ही शाखा निवडणारे थोडेच होते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही संस्थांत विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. यांपैकी पहिली संस्था १८४५ पासूनची, तर दुसरी १९२६ मध्ये परळ येथे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयाबरोबर सुरू झालेली. नव्या महाविद्यालयात विभाग उभारायचा म्हणजे शवविच्छेदनाची शिस्त लावणे, नमुन्यांचे संग्रहालय तयार करणे आणि काचपट्ट्या बनवणारे तंत्रज्ञ घडवणे ही सारी कामे प्राध्यापकाच्याच वाट्याला येत. विकृतिशास्त्रज्ञाचे निदान शेवटी तंत्रज्ञाच्या हातावर अवलंबून असते. तुकडा जाड कापला गेला किंवा रंग जास्त चढला, तर कितीही अनुभवी डोळा फसू शकतो.

ऊतकरंजनाची पद्धत

खानोलकरांच्या कामाचा पाया असलेली ही पद्धत थोडक्यात अशी. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवतात, म्हणजे तो सडत नाही आणि पेशींची रचना जशीच्या तशी राहते. नंतर त्यातील पाणी अल्कोहोलने काढून त्यात वितळलेले मेण मुरवतात. मेणाचा ठोकळा थंड झाला की सूक्ष्मकर्तक यंत्राने त्याचे साधारण ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतका पातळ काप जवळजवळ पारदर्शक असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काहीच नीट दिसत नाही. म्हणून तो रंगवावा लागतो.

सर्वांत रुळलेली जोडी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांची आहे. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळते. फटकीसारख्या क्षाराच्या साहाय्याने ते पेशीकेंद्रकाला निळा-जांभळा रंग देते. इओसिन उरलेल्या भागाला गुलाबी करते. कर्करोगाच्या पेशींत केंद्रक मोठे, गडद आणि वेडेवाकडे होते, पेशींची नेहमीची मांडणी मोडते आणि त्या आपली मर्यादा ओलांडून शेजारच्या ऊतकात घुसतात. हे सर्व या दोन रंगांतच दिसते. बहुतेक प्रौढांच्या कर्करोगाचे निदान एवढ्यावर होते. जेथे होत नाही तेथे विशेष रंग वापरावे लागतात.

टाटा स्मारक रुग्णालय

लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने मुंबईत कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय उभारण्याचे ठरवले. परळ येथील हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. खानोलकर तेथे प्रयोगशाळा व संशोधन यांचे संचालक म्हणून आले.

त्या वेळी भारतात कर्करोग फारसा होत नाही, तो पाश्चात्त्य राहणीचा रोग आहे, अशी समजूत डॉक्टरांतही होती. विश्वनाथ आणि ग्रेवाल यांनी १९३० च्या दशकात भारतातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून तिला धक्का दिला होता. तरी नोंदींतील निदान किती खरे, हा प्रश्न उरत होता. केवळ हाताने चाचपून केलेले निदान आणि ऊतक पाहून केलेले निदान यांत मोठा फरक असतो. क्षयाची गाठ, उपदंशाचा व्रण आणि कर्करोग बाहेरून एकसारखे दिसू शकतात. नव्या रुग्णालयात ऊतकपरीक्षेला मध्यवर्ती स्थान मिळाल्यामुळे रोगाच्या प्रमाणाविषयी खात्रीने बोलता येऊ लागले. १९४४ मध्ये खानोलकरांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णालय सुरू होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले तर या रोगाचा भार किती होता याची कल्पना येते.

सवयी आणि कर्करोग

खानोलकरांच्या कर्करोगविषयक कामाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग मानावा लागेल. कर्करोग शरीरात कोठे होतो आणि त्या माणसाची रोजची सवय काय आहे, यांची सांगड त्यांनी सातत्याने घातली. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासह वापर व सवयी यांच्याशी निगडित अशा भारतातील कर्करोगप्रकारांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातील खैनीचा कर्करोग खालच्या ओठाच्या आतल्या बाजूस होतो. तंबाखू आणि चुना मळून ती गोळी लोक जेथे तासन्‌तास धरून ठेवतात नेमक्या त्याच जागी. धोतराचा कर्करोग कमरेवर होतो. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसल्याने त्वचेला काच पडतो, तेथील रंग जातो, त्वचा जाड होते, व्रण पडतो आणि काही थोड्या लोकांत त्या व्रणाचा कर्करोग होतो. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी धरलेल्या कांगडीच्या उष्णतेमुळे होणारा त्वचेचा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. धोतराचा कर्करोग हा त्याच जातीचा, मात्र उष्णतेऐवजी घर्षणाने होणारा.

धोतराचा कर्करोग आता दुर्मीळ झाला आहे. खानदेशासह महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात धोतर नेसणारी पिढीच मागे पडली. तंबाखूचे मात्र तसे झाले नाही. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवणारा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. चघळणाऱ्यांत मुखपोकळीचा, तर विडी ओढणाऱ्यांत घशाकडील भागाचा कर्करोग अधिक दिसतो, असा त्याचा रोख होता. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ मध्ये.

ल. धों. संघवी हे खानोलकरांचे दीर्घकाळचे सहकारी संख्याशास्त्र व आनुवंशिकी यांचे जाणकार होते. दोघांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांतील रक्तगटादी सात आनुवंशिक गुणांचाही अभ्यास केला. वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळे कर्करोग दिसतात ते रक्तामुळे की राहणीमुळे, हा प्रश्न त्यामागे होता. तोंडाच्या कर्करोगापुरते उत्तर बव्हंशी राहणीच्या बाजूने लागले.

लहान मुलांतील अर्बुदे

खानोलकरांचे गाजलेले अभ्यास प्रौढांच्या कर्करोगाविषयी आहेत. परंतु ऊतकरंजनाची खरी कसोटी लहान मुलांच्या अर्बुदांत लागते, आणि त्यांनी उभारलेल्या धर्तीच्या प्रयोगशाळेची गरजही तेथेच सर्वांत अधिक जाणवते.

मुलांतील अर्बुदे तंबाखूमुळे किंवा काचामुळे होत नाहीत. ती बहुधा गर्भावस्थेतील अपक्व पेशींपासून उद्भवतात. मूत्रपिंडातील विल्म्स अर्बुद, अधिवृक्क ग्रंथीतील व चेतारज्जूलगतचे न्यूरोब्लास्टोमा, डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा, स्नायूसदृश पेशींचे रॅब्डोमायोसार्कोमा, हाडातील युइंग सार्कोमा आणि लसिकापेशींचे लिम्फोमा ही त्यांतील प्रमुख होत. अडचण अशी की हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवल्यावर यांतील अनेक अर्बुदे एकसारखी दिसतात. सर्वत्र लहान, गोल, गडद निळ्या केंद्रकांच्या पेशी पसरलेल्या असतात आणि पेशीद्रव्य जवळजवळ नसते. म्हणूनच विकृतिशास्त्रात त्यांना लहान गोल निळ्या पेशींची अर्बुदे असे एकत्रित नाव पडले.

नावापुरता हा प्रश्न नाही. लिम्फोमा असेल तर मुख्य उपचार औषधांचा असतो आणि मोठी शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही. हाडातील युइंग सार्कोमाला औषधे, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांची जोड द्यावी लागते. निदान चुकले तर मुलाचे हातपाय विनाकारण जाऊ शकतात, किंवा आवश्यक औषध न मिळता मौल्यवान आठवडे वाया जातात.

काही खुणा साध्या रंगातही सापडतात. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स होमर राइट यांनी १९१० मध्ये न्यूरोब्लास्टोमातील पेशी बारीक तंतूंभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या वर्तुळात मांडलेल्या असतात असे दाखवले. रेटिनोब्लास्टोमातही अशी वर्तुळे असतात, परंतु त्यांच्या मध्यभागी पोकळी असते. मात्र प्रत्येक रुग्णाच्या तुकड्यात ही फुले मिळतातच असे नाही. मग विशेष रंगांकडे वळावे लागते. पेरिऑडिक आम्ल-शिफ या रंजनाने पेशीतील ग्लायकोजेन किरमिजी दिसते. ते युइंग सार्कोमा व रॅब्डोमायोसार्कोमा यांत बहुधा आढळते, लिम्फोमात सहसा नाही. दुसऱ्या कापावर आधी डायास्टेज हे विकर घालून ग्लायकोजेन विरघळवले आणि किरमिजी रंग नाहीसा झाला, तर तो ग्लायकोजेनचाच होता हे सिद्ध होते. फॉस्फोटंगस्टिक आम्ल व हिमॅटॉक्सिलिन यांच्या रंजनाने स्नायूपेशीतील आडवे पट्टे उठून दिसतात. चांदीच्या क्षारांनी पेशींभोवतीचे जाळीदार तंतू काळे होतात आणि हे तंतू प्रत्येक पेशीभोवती आहेत की पेशींच्या पुंजक्यांभोवती, हे पाहता येते.

खानोलकरांच्या कार्यकाळात विकृतिशास्त्रज्ञाकडे मुख्यतः ही एवढीच साधने होती. कोणताही एक रंग निर्णायक नसल्याने मुलाचे वय, गाठीची जागा, क्ष-किरण चित्र आणि दोन-तीन रंजने एकत्र ठेवून निष्कर्ष काढला जाई. अनुभवी तज्ज्ञांतही मतभेद होत. पुढे प्रतिद्रव्याला रंग जोडून पेशीतील विशिष्ट प्रथिन शोधण्याची पद्धत आली. तिची सुरुवात अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये, म्हणजे टाटा रुग्णालय सुरू झाले त्याच वर्षी, चकाकणाऱ्या रंगाने केली होती. १९६० च्या दशकात विकरांच्या साहाय्याने हा रंग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागला. आज डेस्मिन व मायोजेनिन स्नायूकडे, सिनॅप्टोफायसिन चेतापेशीकडे, सीडी-४५ पांढऱ्या पेशींकडे आणि सीडी-९९ युइंग सार्कोमाकडे बोट दाखवते. येथेही सावधपणा लागतोच. सीडी-९९ काही लिम्फोमांतही आढळते आणि अपक्व पेशींच्या लिम्फोमात सीडी-४५ कधीकधी दिसत नाही. त्यामुळे एकाच प्रतिद्रव्यावर विसंबून न राहता त्यांचा संच वापरतात आणि गरजेप्रमाणे जनुकीय तपासणी करतात.

मुलांच्या कर्करोगावरील औषधोपचाराचा आरंभ एका विकृतिशास्त्रज्ञानेच केला, ही गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. बॉस्टनचे सिडनी फार्बर मुलांच्या शवांची व ऊतकांची तपासणी करता करता उपचाराकडे वळले. त्यांनी १९४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर अमिनोप्टेरिनचा तात्पुरता गुण दाखवला. ते औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेतून आले होते. ज्या विल्म्स अर्बुदातून पूर्वी थोडीच मुले वाचत, त्यातून आज प्रगत देशांत सुमारे ९० टक्के मुले बरी होतात.

खानदेशासारख्या भागातील कुटुंबांना या निदानासाठी दीर्घकाळ मुंबईचाच रस्ता होता. जळगाव मुंबईच्या थेट लोहमार्गावर, तर धुळ्याहून चाळीसगावमार्गे यावे लागे. धुळे येथे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय आले की विकृतिशास्त्राचा विभाग येतो आणि ऊतक कापून रंगवण्याची सोय जिल्ह्यातच होते. मेणाच्या ठोकळ्यातील ऊतक वर्षानुवर्षे टिकते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. जिल्ह्यात पहिले निदान करून तोच ठोकळा पुढील रंजनासाठी मोठ्या केंद्राकडे पाठवता येतो आणि मुलाला पुन्हा सुई किंवा शस्त्र लावावे लागत नाही. मात्र त्यासाठी तुकडा काढल्याबरोबर योग्य प्रमाणातील फॉर्मॅलिनमध्ये पडणे आवश्यक आहे. नुसत्या मिठाच्या पाण्यात दिवसभर राहिलेला तुकडा कोणत्याही रंगाने वाचवता येत नाही.

कुष्ठरोगावरील संशोधन

कर्करोगाइतकाच खानोलकरांचा कुष्ठरोगाचा अभ्यास महत्त्वाचा आहे. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला होता, पण तो शरीरात कसा पसरतो हे स्पष्ट नव्हते. हा जंतू एकदा लाल रंग धरल्यावर आम्लाने धुतला तरी रंग सोडत नाही, म्हणून त्याला आम्लस्थिर म्हणतात. क्षयाच्या जंतूपेक्षा तो रंग लवकर सोडतो, त्यामुळे धुण्याचे आम्ल सौम्य ठेवावे लागते. खानोलकरांनी त्वचेवरील अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतील ऊतकांचा बारकाईने अभ्यास केला आणि तो १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विशेष अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. रोगाची सुरुवात त्वचेतील बारीक चेतातंतूंत होते आणि जंतू त्या तंतूंच्या आधाराने वर सरकतात, असे त्यांचे मत होते. जंतूंचे मुख्य आश्रयस्थान चेतातंतूंभोवतीच्या श्वान पेशी असल्याचे पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसले, त्यामुळे त्यांच्या मताचा तपशील बदलला. कुष्ठरोग हा मुळात चेतांचा रोग आहे, हा त्यांचा आग्रह मात्र टिकला.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

१९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. रुग्णालयाच्या शेजारीच मूलभूत संशोधनाची स्वतंत्र संस्था असावी, ही कल्पना तेव्हा भारतात नवी होती. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली होती. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे अनुभव घेऊन परतल्यावर त्यांनी या केंद्रात ऊतकसंवर्धनाची भारतातील पहिली प्रयोगशाळा उभारली. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

१९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून मिळालेला एक आम्लस्थिर जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढवणे हे तेव्हा सर्व जगाला न साधलेले काम होते, आणि आजही ते साधलेले नाही. केंद्राच्या नावावरून आयसीआरसी म्हणून ओळखला जाणारा हा जंतू खरोखरच कुष्ठरोगाचा आहे का, यावर बराच वाद झाला. पुढे तो क्षयजंतूच्या कुळातील एका निराळ्या गटात गणला गेला. तरीही त्याचे काही प्रतिजनगुण कुष्ठजंतूशी जुळत असल्याने १९७९ मध्ये माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार केली.

१९६२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय व हे केंद्र अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६६ मध्ये दोन्ही मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. संशोधनाचा विभाग कालांतराने नवी मुंबईतील खारघर येथे हलवण्यात आला.

इतर कार्य आणि सन्मान

खानोलकर १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियामक मंडळावर त्यांनी सुमारे वीस वर्षे काम केले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघटनेच्या कार्यात ते अग्रभागी होते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग व कुष्ठरोग या दोन्ही विषयांच्या तज्ज्ञ मंडळांवर होते. अण्वस्त्रांच्या चाचण्यांमुळे किरणोत्साराची जगभर चिंता वाटू लागल्यावर संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये नेमलेल्या वैज्ञानिक समितीतही त्यांनी काम केले.

भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले आणि वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक केली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान अकादमी त्यांच्या नावाने व्याख्यान आयोजित करते.